जानकीकाकूने धुतलेली विहीर

आमची जानकीकाकू दुपारी डोळे उघडे ठेवून झोपते. खोटं नाही सांगत. ओटीवर बसायचं, नजर समोरच्या मळ्यात लावायची आणि हाक मारली की म्हणायचं, "थांब गो, भेंडी तोडतेय." कुठली भेंडी नि कुठलं काय! नऊ वर्षं त्या मळ्यात गवताशिवाय काही नाही. मी रंजिता, तिची पुतणसून, शेजारच्याच दारात राहते. मी वैतागून म्हणते, "तोड बाई तोड, येताना मलाही चार आण." तर ती खरंच मान हलवते.

वळ गावाच्या पलीकडं आमचं गाव. मळ्याला लागून कापड रंगवायचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी झिरपत झिरपत काकूच्या विहिरीत उतरलं. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, पाणी मात्र नासलेलंच राहिलं. शेजारच्यांनी जमिनी गोदामांना दिल्या. काकूकडंही माणसं आली, तिनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. तापातलं माणूस उठतं तशी एक दिवस विहीर बरी होणार, हे तिनं मनाशी धरलेलं.

यंदा सरपंच कुमारदादांनी ग्रामसभेत सांगितलं की, बंद कारखान्यांच्या जागा तपासायला लहान गावांना सरकारी निधी आलाय. तपासणीचे साहेब येऊन काकूच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना नेणार. पाणी खराब निघालं तर साफसफाईला पैसा मिळेल, चांगलं निघालं तर विहीर सगळ्यांना खुली. काकू घरी आली ती तरंगतच.

आणि मग आम्ही दोघींनी जो घोळ घातलाय! आमच्यात पाहुणा येणार म्हटलं की घर धुवायचं, ओटी सारवायची, ठेवणीतली चादर काढायची. काकू म्हणाली, "साहेब विहीर बघाया येनार. अशी घानेरडी दाखवायची? लाज न्हाय वाटनार?" मला तरी कुठं अक्कल! मोटर लावून विहीर उपसली. माणसं लावून गाळ काढला, भिंती घासून घेतल्या. कठड्याला चुना मी माझ्या हातानं लावला. तळ उघडा दिसायला लागला, तर आदल्या संध्याकाळी दोन टँकर गोडं पाणी आणून ओतलं. सकाळी साहेब आले, बाटल्या भरल्या, काकूचे घावणे खाऊन गेले.

रिपोर्ट आला. पाणी पिण्याजोगं.

पुढचे आठ दिवस काकू जमिनीवर नव्हतीच. उजाडताना अनवाणी मळ्यात जायची आणि काठीनं गवतात रेघा ओढायची. इथं भेंडी, तिथं वाल, त्या कडेला पडवळाचा मांडव. मांडवाशी थांबून ती हवेतच वेल बांधायची, हळूहळू, एकेक गाठ मारत. बघता बघता मलाही तिथं पांढरी फुलं दिसायला लागली, देवाशपथ. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, ते पाणी तर टँकरचं होतं ना गो?" तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "गप. मी वेल बांधतेय."

मग पुन्हा ग्रामसभा भरली. साहेब दाखला घेऊन आलेले. कुमारदादा म्हणाले, "सोमवारपासून अंगणवाडीतल्या पोरांचा भात याच पाण्यात शिजणार." टाळ्या पडल्या. काकू उठली. मला वाटलं, नारळ घ्यायला उठली.

"साहेब, ते पानी आमच्या विहिरीचं नव्हतं. टँकरचं व्हतं. मीच वतलं."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! कुणी ओरडलं, "म्हातारीनं गावाचा पैसा घालवला!" मला असा संताप आला, की उठले आणि काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी पण होते. मलाही बोला."

साहेबांनी दाखला फाइलमध्ये परत ठेवला. "आजी, हा नमुना रद्द धरावा लागेल. या निधीतून एका गावाला तपासणी एकदाच. आता नव्यानं अर्ज करा. दोन वर्षं तरी जातील."

काकू चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मला ठाव व्हतं, साहेब. रिपोर्ट आला तवाच ठाव व्हतं. पन ते खरं असावं असं लय वाटत व्हतं. लय म्हंजे लय."

साहेब खुर्चीतून उठून तिच्यापाशी आले, हळूच म्हणाले, "पण आजी, मुळात विहीर धुतलीत कशाला?"

"तुमी येनार व्हता ना," काकू म्हणाली. "पानी नासलं तवापासून पयल्यांदाच कुनीतरी बघाया येनार व्हतं."