शेजारच्या टेबलावरचे मुकादमसाहेब

आखातातल्या रोल्ला भागातल्या आमच्या वकिली कार्यालयात मी रुजू झाले, त्या दिवशी सर्वांत आधी डोळ्यांत भरली ती मुकादमसाहेबांच्या टेबलापुढची गर्दी. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती आणि माझ्यापुढे कोणीच नव्हतं. साहेबांचा मला हेवा वाटतो तो तेव्हापासून. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात हे लिहू नये, असं संपादकांचं मत आहे. पण इतकी वर्षं मन लावून केलेली गोष्ट लपवू कशी?

इथल्या न्यायालयात अरबी वकील उभे राहतात. आरोपीची तयारी आम्ही करून घेतो. मंडणगडचा वेल्डर संतोष माझ्याकडे आला होता. कामगारांच्या कॅम्पच्या गार्डला मारल्याचा आरोप, आणि पूर्वी मारामारीची एक शिक्षाही झालेली. या वेळी दोषी ठरला असता तर तुरुंग आणि मग थेट मायदेशी रवानगी. "जुन्या शिक्षेबद्दल आपणहून चकार शब्द काढायचा नाही," मी बजावलं. तो रडवेला झाला. "मॅडम, त्यांनी विचारलं तर मी खलास ना?"

ते ऐकून साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. "यल्ला, चल, आधी चहा घे. मागच्या वेळी कोर्टात काय सांगितलं होतंस?"

"मारलं म्हणून सांगितलं, साहेब. मारलंच होतं."

"मग हेच सांग."

सुनावणीत सरकारी वकिलांनी जुनी शिक्षा काढलीच. संतोष दुभाष्यामार्फत म्हणाला, "तेव्हा मारलं होतं, तर पहिल्याच दिवशी कबूल केलं. आता मारलेलं नाही, म्हणून नाही म्हणतोय." न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पुढे गार्डची साक्षही डळमळली आणि संतोष सुटला. तो जुना निकाल मीही वाचला होता. मला त्यात फक्त शिक्षा दिसली होती.

संतोष पेढे घेऊन आला, तेव्हा साहेबांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. "केस मॅडमची आहे, बाबा." असा मोठेपणा शेजारी बसून सोसणं किती कठीण, हे त्यांच्या चाहत्यांना कळायचं नाही. पेढे चांगले होते, याचाही मला राग आला.

साहेब आता निवृत्तीची भाषा करतात. गेल्या आठवड्यात ते रजेवर असताना एक प्लंबर आला. त्यालाही जुनी शिक्षा होती. "मागच्या वेळी काय झालं होतं?" मी विचारलं. तो मोकळेपणाने बोलला आणि जाताना म्हणाला, "मुकादमसाहेब म्हणजे तुम्हीच ना? लेडीज आहात, हे कोणी बोललं नव्हतं."

नाही म्हणायला मला बराच वेळ लागला.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते त्यांनी त्याच खुर्चीत काढावं. मला त्यांच्यापेक्षा चांगलं व्हायचं आहे, आणि ते पाहायला ते शेजारी हवेत.