पोरीले स्पीड आली

प्रश्न विचारला की ती डोळे मिटून वेणीचं टोक चावत बसायची.

"काय वं, झोपली काय?"

"थांबा ना मॅडम, येऊन राहिलं."

काय येऊन राहिलं, देव जाणे. तोवर बाकीच्या पोरांची पुढची गणितं झालेली असायची.

कोराडीच्या कॉलनीत मी गणिताची शिकवणी घेते. शेजारच्या क्वार्टरमधली ही मुलगी सातवीत माझ्याकडे आली. एकदा त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकवली, पाठ करून घेतली, माझ्यापुरता विषय संपला. दुसऱ्या दिवशी ही चेंडू घेऊन दारात उभी. त्यावर पेनानं त्रिकोण काढलेला. "मॅडम, इथं बेरीज जास्त भरते. काहून?" मला कॉलेजची जुनी पुस्तकं काढावी लागली. असं पोर आजवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी हरखून गेले होते.

तिचे वडील वीज केंद्रात ऑपरेटर. माणूस भला, पण पोरीच्या काळजीनं पोखरलेला. त्यांनी तिला शहरातल्या मोठ्या क्लासला घातलं. तिथं दर रविवारी चार पर्यायांचा पेपर, आणि मार्कांप्रमाणे बाक. हिनं सोडवलेलं गणित चुकायचं नाही, पण अर्धा पेपर कोरा. बघता बघता शेवटच्या बाकावर गेली. "मुलगी मंद आहे," तिथल्या सरांनी सांगून टाकलं, तेही तिच्यासमोर.

"मंद नाही हो ती," मी वडिलांना म्हटलं. "खोल जाते, म्हणून वेळ लागतो. तिची ही सवय मोडू नका."

"पेपरात खोल जायले टाइम कुठं देतात, मॅडम?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

मग घरी प्रत्येक प्रश्नाला मोबाईलचा टायमर सुरू झाला. जेवताना, वेणी घालताना, बसमध्येसुद्धा. चुकलं तर चालेल, थांबायचं नाही. माझी शिकवणी बंदच झाली. भिंतीपलीकडून तो टायमर ऐकू यायचा आणि जीव तुटायचा.

गेल्या रविवारी वडील पेढे घेऊन आले. ती मागे उभी होती.

"पहिला बाक भेटला, मॅडम. पोरीले स्पीड आली."

त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पेपर मागून घेतला. शेवटचं गणित अवघड होतं, उत्तर बरोबर होतं.

"हे कसं काढलंस वं?"

"काढलं नाही मॅडम. असा प्रश्न आला की 'क' लिहायचं."

"आणि 'क'च का, ते नाही पाहिलं?"

तिनं वडिलांकडे बघितलं. "त्यात टाइम जाते."

"बरोबर," वडील म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.