आष्ट्याच्या घरातला पारा

आईच्या बोटांतून सुई निसटायला लागली तेव्हा आम्ही ती वयाची गोष्ट समजलो. सहा महिन्यांत तिला पदरही सावरता येईना. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हा स्नायूंचा आजार, तो वाढतच जाणार, यावर औषध नाही. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, खुर्ची पुढे ओढली.

"न्हाई म्हंजे हितं न्हाई, का कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही," डॉक्टर म्हणाले.

अप्पांचा जन्म गलाईत गेला. सराफांच्या दुकानातली झाडलोट गोळा करायची, ती जाळून, तेजाबात धुऊन, मुशीत वितळवून तिच्यातलं सोनं परत काढायचं, हा तो धंदा. आमच्याकडची कितीतरी माणसं त्यासाठी देशभर पांगलीत. अप्पा तीस वर्षं दक्षिणेतल्या एका गल्लीत भट्टीपुढे बसले आणि थकल्यावर आष्ट्याला परतले. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टरांचं उत्तर मी ऐकलं आणि मानलं. अप्पांनी मानलं नाही.

"सोनं मरत न्हाई," ते म्हणायचे. "जाळा, गाडा, काय बी करा. मी सवता बघितलंय." एवढं बोलून ते आईच्या खाटेकडे बघत राहायचे.

एका रविवारी मी आष्ट्याला गेले तर मागच्या खोलीत दगडी खल, गंधकाची पुडी आणि पाऱ्याची बाटली. पारा एका जुन्या गलाईवाल्या सोबत्याने आणून दिला होता. शेजारी रसविद्येची एक फाटकी पोथी, खाली मराठीत अर्थ दिलेली. पारा आधी शुद्ध करायचा, मग गंधकाबरोबर काळा पडेपर्यंत घोटायचा, काचेच्या कुपीत भरून तापत्या वाळूत पुरायचा. नीट सिद्ध झालेला पारा तांब्याचं सोनं करील, माणसाचं म्हातारपण आणि आजार घालवील. आधी धातूवर बघायचं, मग देहावर.

मला यात नवं काही नव्हतं. दर वर्षी पहिल्या तासाला मी हेच सांगते. इजिप्तमधले धातू रंगवणारे कारागीर, आपल्याकडचे रससिद्ध, अरबांकडून आलेला किमया हा शब्द, आणि अमर व्हायचं म्हणून पाऱ्याच्या गोळ्या खाऊन मेलेले चीनचे बादशहा. बादशहांपाशी वर्ग हसतो. मी तिथे थोडी थांबते, हसू द्यायला.

"आवं अप्पा, विष आहे हे," मी म्हटलं. "नुसतं उघडं ठेवलं तरी त्याची वाफ होते. डोळ्यांना दिसत नाही, पण छातीत जाते."

"मला शिकवतीस व्हय? तू जन्मायच्या आधीपासनं धुरात बसलोय मी."

"आईला यातलं काही द्यायचं नाही."

"न तपासता न्हाई देनार. तुझी आन."

बाटली मी बरोबर घेऊन आले. दोन आठवड्यांनी तिथे दुसरी होती. ती मी उचलली नाही. दिवसभर खल घोटताना अप्पा शांत असायचे. त्यांना काहीतरी करायला मिळालंय, असं मी स्वतःला समजावलं. शिकलेली असून मी अशी समजूत करून घेतली.

मग एका दुपारी त्यांनी तांब्याचा जुना पैसा आईपुढे धरला. तो चांदीसारखा लखलखत होता. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ही चांदी नाही, अप्पा. वर नुसता पारा बसलाय. तापवला की परत तांबं."

"म्हाईत हाय मला," ते हळूच म्हणाले. "गलाईवाल्याला सांगतीस? तिला बघायला दावला."

पण आईने तो खरा मानला. तोवर ती निमूटपणे मरणाच्या तयारीला लागली होती. दागिने वाटून झाले होते, साड्या कुणाला द्यायच्या तेही सांगून ठेवलं होतं. आता ती रोज विचारू लागली, "माजं औषद कवा हुनार?" जीभ जड झाली होती, तरी हा प्रश्न तिला नीट बोलता यायचा. अप्पा म्हणायचे, "हुईल. थोडं ऱ्हायलंय." शेवटी शेवटी तिला बोलता येईना, तेव्हा ती नजरेने मागच्या खोलीकडे खूण करायची. तिची तयारी आम्ही मोडली, आणि तिच्या हातात दुसरं काही दिलं नाही.

श्रावणात ती गेली. श्वास अपुरा पडला आणि थांबला.

दिवसकार्याला अप्पांना पिंडावर पाणी सोडता येईना. पळी थरथरत होती. बघणाऱ्यांना वाटलं, दुःख. मी त्यांच्या हिरड्या बघितल्या, सुजून लाल झाल्या होत्या. दोन महिन्यांपासून ते उगाच चिडत, नावं विसरत, ते एकदम माझ्या ध्यानात आलं.

"अप्पा, तुम्ही खाल्लंत?"

"मग? तिला द्यायच्या आधी कुनावर बघायचं? तुला आन दिलीया न्हवं, न तपासता कसं देऊ?"

तपासणीत त्यांच्या रक्तात पारा निघाला. उपचार झाले, हिरड्या बऱ्या झाल्या. हातांचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता जेवढं आहे तेवढं राहणार. आष्ट्याच्या त्या खोलीत मी तोंड बांधून, सांडलेला पारा धरून ठेवायला, दोनदा गंधक पसरला. तरी शहाबादी फरशीच्या फटींतून बारीक थेंब चकाकतात. ते घर आम्ही बंद ठेवलंय. तिथे कुणाला राहा म्हणायचं धाडस होत नाही.

अप्पा आता माझ्याकडे असतात. मी त्यांना भरवते. मध्यंतरी त्यांनी एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पोथीतली एकेक कृती, किती घटका घोटलं, जाळ किती ठेवला, कुपीच्या गळ्याशी लाल थर कधी धरला, सगळं होतं. पानागणिक अक्षर बिघडत गेलेलं. शेवटची पानं वाचता येत नव्हती.

"चुकलं कुठं, तेवढं काडून दे."

मी दोन दिवस वही वाचली. जुन्या रीतीने बघितलं तर त्यांनी एकही पायरी चुकवली नव्हती.

"काहीच चुकलं नाही, अप्पा. सगळं बरोबर केलंत."

 चूक निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, औषध होतं, आपलंच चुकलं, असं तरी म्हणता आलं असतं, हे मला तेव्हा कळलं, आणि तोवर बोलून झालं होतं. त्यांनी वही परत मागितली नाही. भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. चादरीखाली त्यांचे हात हलत होते.