कंडक्टरताईंचे दोन नकाशे

"ते समदं ठीक हाय, पन परत कशानं जानार?"

हा प्रश्न ताई कुणालाही विचारत. पुण्याला मुलाखतीला निघालेल्या वर्गमित्राला, तास बुडवून सिनेमाला चाललेल्या मुलींना, आणि एकदा तर खुद्द सरांना. सर केंद्रस्थान सिद्धान्त शिकवत होते. मध्ये मोठं शहर, भोवती लहान गावं, सगळी षटकोनांत नीट बसवलेली. माणूस मीठ-मिरचीसाठी जवळच्या गावी जातो, मोठ्या कामासाठी दूरच्या शहरात. आकृती पुरी झाली, सरांनी हातावरचा खडू झटकला आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्या मधाच्या पोळ्यात जायचं कळलं. परत कशानं जानार?"

वर्ग हसला. मीही हसलो. सर मात्र हसले नाहीत. ते फळ्याकडे वळले आणि आपलीच आकृती पुन्हा तपासू लागले.

नगरच्या एका कॉलेजात आम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय प्रादेशिक आणि नागरी अर्थशास्त्र. आम्ही बावीस-तेवीसचे, ताई अडतिशीच्या. त्या एसटीत कंडक्टर होत्या. सकाळचे तास करायच्या आणि दुपारी पाथर्डीच्या गाडीवर जायच्या. पंजाबी ड्रेसवर खाकी कोट चढवला की वर्गातल्या ताई संपल्या आणि कंडक्टर सुरू. एकदा सांख्यिकीच्या तासाला त्यांचा डोळा लागला. सरांनी नाव घेऊन हाक मारली तशा दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "कुठं आलो? तिसगाव गेलं का?"

ग्रंथालयात त्या बसत नसत. बसलं की झोप येते म्हणायच्या. एका हाताने कपाटाची लोखंडी पट्टी धरायची, दुसऱ्या हातात पुस्तक, पाय थोडे फाकलेले. वाचता वाचता त्या किंचित डुलत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कामाची सवय ज्यांच्या अंगातून सुट्टीच्या दिवशीही जात नाही.

पदवी त्यांना कशाला हवी होती, हे त्यांनी मला सांगितलं होतं. "खात्याच्या परीक्षेला बसायचंय, दादा. कुठली गाडी किती वाजता सोडायची ते ठरवत्यात ना, त्या खुर्चीत एकदा बसायचंय. बास."

मला त्या दादाच म्हणत. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान मी, वर्गात पहिला येणारा, बापाचं नगरात दुकान. त्यांना माझं कौतुक होतं. हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच टोचतं.

प्रकल्पाचे दिवस आले. माझा विषय होता नगर शहराची वाढ. सरांनी तो दोनदा परत केला. "माहिती आहे, पण यात तू कुठे आहेस?" असं म्हणाले. मी चिडून कॅन्टीनमध्ये बसलो होतो. तेव्हा ताईंनी पिशवीतून दोन मोठे कागद काढले. जुन्या कॅलेंडरची पानं. मागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत पेनांनी काढलेले नकाशे.

तीन वर्षं त्या तिकीट देता देता प्रवाशांना विचारत होत्या, "कशाला चाललाव?" कुणी बस्त्याला, कुणी दवाखान्यात, कुणी घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला. ते सगळं कागदावर होतं, जितकी माणसं जास्त तितकी रेष जाड. एका गावातल्या बायका जवळचा बाजार सोडून नगरला जात होत्या. का, तर जवळच्या बाजारातून चारनंतर परतायला गाडी नव्हती आणि नगरहून सहाला होती. "अंतर किलोमीटरात नसतंय," ताई म्हणाल्या. "अंतर परतीच्या गाडीत असतंय."

"आणि दोन नकाशे कशाला?"

"एक दिवाळीआधीचा, एक दिवाळीनंतरचा."

दुसऱ्या कागदावर निम्मी गावं रिकामी होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. पाथर्डीकडे येणाऱ्या जाड रेषा तिथे पार बारीक झाल्या होत्या. "सहा महिने गाव असतंय, सहा महिने नसतंय. मंग शहर तरी बाराही महिने तेवढंच कसं राहील? मी ल्हान असताना आमची वस्तीच उचलून जायची, फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हायला. पुस्तकातल्या नकाशात तो हंगामच न्हाई."

इतकं सरळ, इतकं नवं मला दोन वर्षांत काही सुचलं नव्हतं.

"माझं लिव्हनं लई वाकडं हाय," त्या म्हणाल्या. "तेवढं सरळ करून दे. मंग सरांना दावू."

मी कागद घरी नेले. आठ दिवस ताईंच्या लिखाणाची भाषा नीट केली आणि सगळं त्यांना परत दिलं. आणि त्याच आठ दिवसांत, त्याच टेबलावर, माझा विषय बदलला. मी तेच नकाशे संगणकावर काढले, रेषांच्या टक्केवाऱ्या केल्या, पहिल्या पानावर माझं नाव घातलं. त्या क्षणी त्याला चोरी म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी मनाशी म्हणत होतो, की ताईंच्या ड्यूट्या बघता त्यांचा प्रकल्प मुदतीत जमा होणारच नाही. म्हणजे त्यांचं नुकसान व्हायची मी वाटच बघत होतो.

शेवटच्या दिवशी त्या गाडीवरून थेट आल्या, खाकी कोटातच, आणि प्रकल्प जमा करून गेल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. टेबलावर दोन्ही प्रकल्प उघडे होते. माझा गुळगुळीत, रंगीत. त्यांचा टाइप केलेला, नकाशे हाताचे.

"हे एकच आहे," परीक्षक म्हणाले. "कुणी कुणाचं पाहिलं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी परीक्षकांच्या कपाकडे बघत होतो. चहावर साय धरली होती. मला ती साय आजही दिसते. ताई थांबल्या, मला वेळ दिला. मग त्या म्हणाल्या, "सर, मी गाडीवर असते. लिहायला ह्यांची मदत झाली."

ते खरंच होतं. खऱ्याचा त्यांच्याकडचा अर्धा भाग त्यांनी सांगितला आणि उरलेला माझ्यासाठी ठेवला. मी तोंड उघडलं नाही. परीक्षकांनी मान हलवली, त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. त्यांनी ताईंचा प्रकल्प मिटला. "नवा विषय घेऊन पुढच्या वर्षी या," म्हणाले. फार सौम्यपणे म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी उभा होतो. ताई बाटलीतलं पाणी प्याल्या, कोटाची बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या सोयीचं तेच झालं असतं.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. मला उत्तम गुण मिळाले, प्रकल्पाचा लेख झाला, लेखावर नोकरी लागली. आता मी तोच पेपर शिकवतो. दिवाळीआधीचा आणि नंतरचा नकाशा पडद्यावर दाखवला की मुलं माना वर करतात. "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" असं कुणीतरी विचारतंच. "प्रवासात," असं मी नऊ वर्षं सांगत आलो.

गेल्या हिवाळ्यात पाथर्डीला परीक्षेच्या कामाला गेलो होतो. परतीच्या गाडीत चढलो आणि समोर ताई. केस पांढरे झालेले, हातात तिकिटाचं मशीन. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कुठं, सर? नगर?"

पूर्वी त्या मला दादा म्हणायच्या. मी नगरचं तिकीट घेतलं. करंजी घाट ओलांडल्यावर गर्दी कमी झाली. त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या तसा मी उठून त्यांच्याजवळ गेलो.

"ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "बोलायला पायजे हुतं."

एवढंच. असू दे नाही, जुनं झालं नाही. मी म्हणालो, मी कॉलेजला लिहून देतो, लेख छापणाऱ्यांना कळवतो, वर्गात तुमचं नाव सांगतो.

"सांगा की. माझ्या नावात लपवन्यासारखं काय हाय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पन माझ्यासाठी करताय असं म्हनू नका. माझी ती खात्याच्या परीक्षेची वयाची अट कवाच सपली." पुढे कुणीतरी उतरायची घाई करत होतं. त्या उठून गेल्या.

मी दोन्हीकडे लिहिलं. लेख छापणाऱ्यांनी खुलाशाच्या चार ओळी छापल्या. कॉलेजातल्या सहकाऱ्यांपैकी काहीजण आता माझ्याशी जपून बोलतात. बरोबरच आहे.

वर्गात सांगणं सगळ्यात जड गेलं. कपाची गोष्टही सांगितली. मग मी ताईंचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिलं. इथे ते लिहीत नाही. वर्गात सांगायला त्यांनी हो म्हटलं होतं, छापायला मी विचारलेलं नाही, आणि न विचारता त्यांचं काहीही पुन्हा घ्यायचं नाही.

पुढच्या बाकावरची एक मुलगी पेन उघडून बसली होती. तिने विचारलं, "सर, हे नाव पुस्तकात नाही. परीक्षेत लिहिलं तर पेपर तपासणाऱ्याला कळेल का?"

"नाही कळणार," मी म्हणालो. "तरी लिहा."

तिने लिहिलं. बऱ्याच जणांनी लिहिलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी लिहिलं नाही, ते माझ्याकडेच बघत होते. तास संपल्याची घंटा झाली, तरी मी फळ्याजवळच उभा होतो.