ताकदीचा डबा

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काढली. उसाचा रस, पाक, मळी, अगदी पिळून टाकलेला चोथा, जे समोर येईल त्यात साखर किती हे काढायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. हंगामात दर तासाला नमुना यायचा. अंबड तालुक्यातल्या कारखान्याच्या कॉलनीत सगळे मला केमिस्टसाहेब म्हणत आणि मलाही ते फार आवडायचं. अशा माणसाच्या घरात त्याच्याच हातानं साखर येत होती आणि त्याला ती दिसत नव्हती, हे लिहायला आजही लाज वाटते. तरी लिहितो, कारण या सगळ्या प्रकारात माझ्याइतका मूर्ख दुसरा कुणी नव्हता आणि तो मान भलत्याला मिळावा अशी माझी इच्छा नाही.

आमच्या कॉलनीत साखर म्हणजे पोत्यातली साखर. कामगारांना कार्डावर सवलतीच्या भावात मिळायची ती, पांढरी, टपोरी. बाकी जगात गोड काही असलंच तर ते गोड असेल, पण साखर नव्हे, अशी सगळ्यांची पक्की समजूत. कुणाला मधुमेह निघाला की डॉक्टर सांगायचे, साखर बंद. तो माणूस दुसऱ्याच दिवशी आपलं कार्ड मेव्हण्याला देऊन टाकायचा. कार्ड गेलं की पथ्य सुरू झालं. मग तोच माणूस क्लबात बसून बिनसाखरेच्या चहात बिस्किटाचा अख्खा पुडा बुडवून संपवायचा आणि वर सांगायचा, "आपल्याला साखर बिलकुल बंद हाय." मी ऐकायचो आणि कौतुकानं मान हलवायचो.

माझ्या बायकोला मधुमेह निघाला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि साखर बंद सांगितली. कार्ड मी कुणाला दिलं नाही, कारण मला चहा गोड लागायचा. त्याऐवजी केमिस्टच्या डोक्याला शोभेल अशी युक्ती काढली. डब्यातल्या साखरेचा वरचा थर चमच्याच्या पाठीनं सपाट करायचो आणि त्यावर प्रयोगशाळेतल्या बाटलीच्या बुडाचा गोल ठसा उमटवायचो. सकाळी माझ्या चहापुरती साखर मी स्वतः काढायचो, परत थर सपाट, परत ठसा. बायको बघत असायची. तुझ्यावर विश्वास नाही असं मी तिला कधी म्हणालो नाही. ही एक पद्धत आहे, असं म्हणायचो.

त्याच सुमाराला जालन्यात एक सुपर मार्केट उघडलं. किराणा दुकानात आपण फळीबाहेर उभं राहायचं आणि दुकानदारानं पुडी बांधून द्यायची, ही आमची रीत. इथं आपणच टोपली घेऊन हिंडायचं आणि आपणच आपल्याला फसवून घ्यायचं. आमच्या कॉलनीतले लोक रविवारी इस्त्रीचे कपडे घालून तिथं जाऊ लागले. रिकाम्या हातानं बाहेर पडायची लाज वाटते म्हणून कुणी सॉसची बाटली उचलायचं, कुणी घरात ज्याला कुणी तोंड लावणार नाही असे मक्याचे पोहे. येताना पिशवी अशी धरायचे की दुकानाचं नाव लोकांना वाचता यावं.

मी गेलो तो मात्र मोठ्या सत्कार्यासाठी. बायको वाळत चालली होती, तिला ताकद हवी होती. तिथं एक चकचकीत डबा होता. त्यावर पळणारं, हसणारं, गुबगुबीत कुटुंब आणि मोठ्या अक्षरांत माल्ट, दूध, जीवनसत्त्वं. साखर हा शब्द मोठ्या अक्षरांत कुठं नव्हता. अर्थात ती आत नाहीच, असं या केमिस्टनं ठरवून टाकलं. जोडीला पचनाला चांगली म्हणून विकली जाणारी तपकिरी बिस्किटं घेतली. कोंड्यासारखी दिसतात म्हणजे औषधी असणार, हाही माझाच शोध.

सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पूड दुधात आणि सोबत चार बिस्किटं, असा खुराक सुरू झाला. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, "लई गोड लागून राह्यलंय हो हे."

"माल्ट म्हणजे मोड आलेले जव, त्यांचा अंगचा गोडवा आहे तो," मी म्हणालो. "साखर नाही त्यात. पी."

तिला ते आवडायचं नाही. काढा प्यावा तशी ती घोटाघोटानं प्यायची, पण पेला रिकामा होईपर्यंत मी समोर उभा असायचो.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला आम्ही जालन्याला जायचो. आकडा खाली यायचं सोडून वर चढत होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तो आणखी वर चढला. शेवटी त्यांनी चष्म्यावरून बघितलं, तेही माझ्याकडं, तिच्याकडं नाही, आणि म्हणाले, "बाई चोरून काहीतरी खातात." मला ते लगेच पटलं, कारण मला तसंच वाटत होतं आणि कुणीतरी शिकलेल्या माणसानं ते म्हणायची मी वाटच बघत होतो.

त्यानंतर पंधराच दिवसांत साखरेवरचा ठसा मोडलेला दिसला. त्या दिवशी टेंभुर्णीहून बायकोचा धाकटा भाऊ आला होता. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायचं म्हणून मुराळी होऊन आला होता बिचारा, नवी टोपी घालून. मी डबा तसाच उघडा बाहेरच्या खोलीत आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"हे बघा तुमच्या बहिणीचं पथ्य."

"मी न्हाई खाल्ली," बायको म्हणाली. "शेजारच्या वहिनींना वाटीभर दिल्ती. त्यांच्याकडं पाव्हने आल्ते. जाऊन विचारा त्यांना."

शेजारचं दार वीस पावलांवर होतं. मी गेलो नाही. माझी बायको खरं बोलते का, हे शेजारणीला विचारणं मला कमीपणाचं वाटलं. तिला तिच्या भावासमोर चोर म्हणणं मात्र कमीपणाचं वाटलं नाही. "तुमची बहीण चोरून साखर खाते," मी म्हणालो, "तिकडं नेताय तर डबे आधी उचलून ठेवा."

भाऊ गरीब स्वभावाचा, बहिणीच्या जिवाला भ्यालेला. त्यानं माझं ऐकलं. ती माहेरी गेली त्याच दिवशी भावजयीनं तिच्या देखत साखरेचा आणि गुळाचा डबा माळ्यावर चढवला. आठ दिवसांसाठी गेलेली बायको तिसऱ्या दिवशी परत आली. पुढं दोन वर्षं भाऊ न्यायला आला की ती काही ना काही कारण काढायची आणि त्याला जेवू घालून परत पाठवायची. मला वाटायचं, बरंच आहे, पथ्य तरी सांभाळलं जातंय.

पावसाळ्यात कारखाना बंद असतो, प्रयोगशाळेत माश्या मारायचं काम. अशाच एका पावसाळ्यात त्या ताकदीच्या डब्यातली पूड ओल धरून दगड झाली. दुकानदाराला झापायला पुरावा हवा म्हणून मी डबा प्रयोगशाळेत नेला आणि ओलावा किती ते काढलं. नमुना हाताशी होता, वेळ रिकामा होता. सवयीनं त्याच पुडीचं द्रावण केलं, गाळलं, नळीत भरलं आणि पोलॅरिमीटरला लावलं. द्रावणात साखर किती हे सांगणारं ते यंत्र, आमच्या धंद्याचा तराजूच म्हणा. आकडा बघून मला वाटलं, कुणीतरी चेष्टेनं नळीत आपलाच पाक भरला. नळी धुऊन परत केलं. परत तेच. माल्टमधली आणि दुधातली साखरही त्या यंत्रात उतरते, त्यामुळं त्या आकड्यावर मी कुठं शपथ घेणार नाही. पण तोवर मी डबा फिरवून मागची बाजू वर केली होती.

तिथं, पत्र्याच्या जोडाला लागून, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत घटक छापले होते. साखरेचे दाणे बघायचं भिंग लावून मी वाचले. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, हा नियम मला ठाऊक होता. दुसरंच नाव साखरेचं. आणखी खाली लिक्विड ग्लुकोज, जणू ते साखरेच्या कुळातलं नसून कुणी परकं. संध्याकाळी घरी येऊन बिस्किटांचा पुडा वाचला. त्यावर साखर तर होतीच, शिवाय दोन नावं सोडून इन्व्हर्ट सिरप. रसातली साखर फुटून तिचं इन्व्हर्ट होऊ नये म्हणून आम्ही हंगामभर रसाला जपायचो, कारण आमच्या लेखी ती वाया गेलेली साखर. या लोकांनी तीच मुद्दाम करून, वेगळ्या नावानं पुड्यात घातली होती. एकीला अशी दोन-तीन नावं वाटून दिली की यादीत ती पहिली येत नाही. बाजारातला भामटा निदान आपण भामटा आहोत हे लपवतो. हे कंपनीवाले सगळं छापून देतात, कारण कुणी वाचणार नाही याची त्यांना खात्री असते. आणि ती खात्री मी पगाराच्या दिवशी, दर महिन्याला नवा डबा घेऊन, पटवून देत होतो.

डबा आणि बिस्किटं बंद केली. पुढच्या तपासणीला बायकोचा आकडा चांगलाच खाली आला. डॉक्टर तिला म्हणाले, "बघा, शेवटी ऐकलंत ना?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

मग मला चेव आला. रविवारी भिंग घेऊन मी सुपर मार्केटात जायचो आणि एकेक डबा मोठ्यानं वाचायचो. सॉस, जॅम, तान्ह्या मुलांचं खाणं, आणि ज्यानं मोसंबी कधी बघितली नसेल असं मोसंबीचं सरबत, तेही मोसंबीच्या जालन्यात. मॅनेजर जवळ येऊन म्हणायचा, "सर, घ्यायचं नसंल तर ठिवा बरं."

"तुम्ही वाचलंय का हे कधी?"

"आमी इकतो सर. वाचत न्हाई."

एवढं खरं बोलणारा माणूस मला त्या इमारतीत दुसरा भेटला नाही.

कॉलनीच्या क्लबात मी व्याख्यानही दिलं. टेबलावर डबे मांडले, भिंग फिरवलं, कंपन्यांचे वाभाडे काढले, फसवणूक कशी चालते ते फळ्यावर लिहून दाखवलं. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग चहा आला आणि चहाबरोबर तीच तपकिरी बिस्किटं आली, आणि पुढच्या रांगेतल्या मधुमेहवाल्यांनी ती माझ्यासमोर बुडवून खाल्ली. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, घ्या की, बिनसाखरेचाच चहा हाय." त्या सगळ्यांना ओळीनं उठाबशा काढायला लावाव्यात असं मला वाटलं.

घरी चालत येताना मी तेच बडबडत होतो. बायको मागच्या रांगेत बसून सगळं ऐकून आली होती. ती मध्येच म्हणाली, "डब्यावर काय लिव्हलंय ते तुम्ही साऱ्या कॉलनीला वाचून दावलं."

"मग? लोकांना कळायला नको?"

"कळू द्या. माझ्या भावाला तुम्ही सांगितल्तं, मी चोरून खाते म्हनून. ते अजून तसंच हाय. त्याला कोन सांगनार, कंपनी?"

पुढच्या रविवारी मी एसटीनं टेंभुर्णीला गेलो. ती आली नाही. पिशवीत रिकामा डबा, भिंग आणि तिच्या तपासणीचे कागद घेतले होते. मेव्हण्यानं सतरंजी टाकली, भावजय दाराशी येऊन बसली. मी डबा काढला आणि सुरुवात केली. नियम काय, घटक कसे लिहितात, ग्लुकोज म्हणजे काय, यंत्रात काय दिसलं. मेव्हणा शांतपणे ऐकत होता. मी भिंग त्याच्या हातात द्यायला लागलो तेव्हा त्यानं ते घेतलं नाही.

"दाजी, डब्याचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्या बहिनीनं साखर खाल्ली व्हती का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही खाल्ली."

"मंग त्या दिशी ती खरं बोलत व्हती."

"हो. माझंच चुकलं. मी खोटं बोललो."

भावजयीनं तोंडाला पदर लावला. "आमी तिच्या म्होरं डबा उचलला हो," ती म्हणाली. मेव्हण्यानं डबा उचलून माझ्या पिशवीत परत ठेवला. मग त्यानं विचारलं, "हे तिला म्हनलात का, दाजी?"

तिला मी यंत्राचा आकडा सांगितला होता. घटक वाचून दाखवले होते, कंपनीला घातलेल्या सगळ्या शिव्या तिच्यासमोरच घातल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"मंग हितं काय करून राह्यलात?"