न नाचणाऱ्यांच्या गटात

आमचा देऊळघाटला भाजीचा मळा. आईचा हात मेथीच्या जुड्या बांधताना थरथरायला लागला, मग दारात तिचे पाय जागीच खिळायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. कंपवाताच्या रुग्णांना नाचण्यानं फरक पडतो का, याचं संशोधन बुलढाण्यात होणार असं कळल्यावर मीच तिचं नाव दिलं.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एक गट तीन महिने नाचणार, दुसऱ्याची नुसती मोजमापं घेणार. आई दुसऱ्यात गेली.

"अभ्यास संपला की तुमचीही पाळी येईल," संशोधक बाई म्हणाल्या. "तोवर घरी मात्र नाचू नका. तुलना बिघडेल."

दर पंधरवड्याला मी आईला बुलढाण्याला न्यायचो. ती खुर्चीतून उठायची, चालून परत यायची, बाई सेकंद लिहून घ्यायच्या. शेजारच्या खोलीत ढोलकी वाजायची. तिथले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काठी टेकत आले होते. दोन महिन्यांत ते काठी काखेत मारून चालायला लागले. आई दाराशी थांबून बघायची.

एकदा शाळेतून आलो तर ती स्वयंपाकाच्या ओट्याला धरून त्या नाचाचीच पावलं टाकत होती. पाय अडकत नव्हता.

"माय, थांब. त्यायनं सांगतलं ना, घरी नाचाचं नाही."

"काऊन? मले बरं वाटून राह्यलं."

"त्यायचा अभ्यास खराब होते."

तिनं ओटा सोडला. मला बरं वाटलं, नियम पाळला म्हणून.

अभ्यास संपला. पाळीचं विचारायला मी तीनदा फोन केला. नाच शिकवणाऱ्या बाई परत गेल्या, पुढचं काही ठरलेलं नाही, एवढंच कळलं. त्याच उन्हाळ्यात आई दारात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

निष्कर्ष मोबाइलवर आले तेव्हा ती खाटेवर होती. नाचणाऱ्यांची चाल सुधारली होती. सगळ्या सहभागींचे आभार मानले होते. मी तिला वाचून दाखवलं.

"म्हंजे नाचनं चांगलं होतं. मंग तुनं मले काऊन थांबवलं?"

तुलनेला कोणीतरी न नाचणारं लागतं, हे मी तिला समजावलं, वर्गात समजावतो तसंच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग दुसऱ्या कोनाची माय घ्याची होती," ती म्हणाली.

आता रोज शाळेला निघण्याआधी मी तिला कूस बदलून देतो.