गुलाबांच्या वाट्याचा उन्हाळा

माझ्या मुलीच्या प्रबंधासाठी गच्चीवरच्या बारा गुलाबांनी हाल सोसणे आवश्यक होते. ऊन आणि तहान वाढली की पानांत प्राणवायूची उपद्रवी रूपे जन्मतात आणि त्यांना निववण्यासाठी झाड स्वतःच एन्झाइम घडवते. या एन्झाइमांचे प्रमाण ऋतुगणिक किती बदलते, हे तिला मोजायचे होते. पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे वहीत आले होते. मे महिन्याचे हुकले, तर वर्ष वाया जाणार होते.

नेमकी ती परीक्षेसाठी पुण्याला गेली आणि पिंपळगावहून सासूबाई आल्या. सारे आयुष्य द्राक्षबागेत गेलेले. करपलेली पाने पाहून त्यांनी बागेत घडांना ऊन लागू नये म्हणून करतात तेच केले : माझ्या जुन्या साड्या गच्चीभर बांधल्या. मी अडवले नाही, हे कबूल करते. त्या जांभळ्या-पोपटी उजेडात ओल्या मातीला माठाचा वास येई, आणि मी तिथे बसून चहा घेत असे.

मुलगी परतली. पाने बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत नेली आणि संध्याकाळी जिन्यातच बसली.

“आजी, यांना डिसेंबर वाटतोय.”

“मग बरंच हे की.”

“त्यांना त्रास व्हायला हवा. माझं सगळं त्याच्यावर आहे.”

“तू शिकायची नि त्यांनी जळायचं. लय भारी शिक्षण.”

मे संपायला पंधरा दिवस उरले होते. साड्या उतरल्या. तुलनेसाठी एक कुंडी सावलीत राहू शकेल, कोणती ते आजीने ठरवावे, अशी तडजोड निघाली. सासूबाई बाराही कुंड्यांपाशी थांबल्या, पानांवरून बोटे फिरवली आणि एकही न निवडता खाली आल्या. एकीला वाचवून अकरांना तोंड कसे दाखवायचे, हे त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या खुर्ची आणि छत्री घेऊन कुंड्यांच्या मधोमध जाऊन बसल्या.

“आजी, छत्री अलीकडे घे. तीन नंबरवर सावली पडतेय.”

त्यांनी छत्री मिटली, डोक्यावर पदर घेतला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही तिघीही रोज तासभर तिथे बसू लागलो. नाकाचे शेंडे सोलले. शेजारच्या गच्चीवरून कुरडया वाळत घालणाऱ्या बाईंनी, कुणाचे सुतक आहे का, असे विचारले.

पंधराव्या दिवशी पाने प्रयोगशाळेत गेली. दुपारी मुलीचा फोन आला. “आकडे चढलेत आजी. हिवाळ्यापेक्षा खूप.”

“चढणारच. आमचंबी मोज की एकदा.”

मुलगी काही बोलायच्या आत त्यांनी फोन माझ्या हाती दिला आणि पहिली साडी कुंड्यांवरच्या दोरीवर टाकली.